सरळ नावाचे वाकडे आतडे



मोठ्या आतड्याचा शेवटचा तुकडा वीतभरही लांब नाही. तो भरतो १२ ते १५ सेंटीमीटर. चारचौघांत त्याचे नाव काढू नये असा संकेत आहे. पण त्या नावाला मोठा इतिहास आहे आणि त्यात सामान्य माणसाच्या हिताचा प्रश्न गुंतलेला आहे, म्हणून मी हा विषय मुद्दाम घेतला.

इंग्रजी वैद्यकात या भागाला ‘रेक्टम’ म्हणतात. हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘सरळ’. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलन याने वापरलेल्या नावाचे ते भाषांतर होय. गॅलनला माणसाचे प्रेत फाडण्याची मोकळीक नव्हती. त्याने माकडे आणि डुकरे चिरून शारीरशास्त्र रचले. जनावरांत हा भाग बराच सरळ असतो. माणसात मात्र तो माकडहाडाच्या बाकाप्रमाणे वळतो, बाजूंनाही तीन वळणे घेतो आणि गुदद्वाराशी एकदम मागे मुडपतो. त्या मुडपणीला स्नायूचा एक पट्टा पुढे ओढून धरतो, म्हणून मळ आवरतो. आपण उकिडवे बसलो की ती मुडप उलगडते.

१५४३ साली व्हेसॅलियस या अठ्ठावीस वर्षांच्या शिक्षकाने स्वतः माणसांची प्रेते फाडून आपला ग्रंथ छापला आणि गॅलनचे ज्ञान जनावरांवरून घेतलेले आहे हे दाखवून दिले. ज्ञान सुधारले, नाव मात्र तेच राहिले.

आता आपल्याकडे पाहा. सुश्रुतसंहितेत प्रेत वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवून, कुंच्याने हळूहळू घासून एकेक थर पाहण्याची रीत सांगितली आहे. त्याच ग्रंथात मूळव्याधीच्या प्रकरणात गुदाची लांबी साडेचार अंगुळे दिली असून आतल्या तीन वळ्यांची नावे आहेत: प्रवाहणी, विसर्जनी आणि संवरणी. एक लोटते, दुसरी सोडते, तिसरी आवळते. गिरणीत साचेवाला, जॉबर ही नावे कामावरून पडतात, तद्वतच ही आहेत. मला हा नामकरणाचा उत्तम प्रकार वाटतो.

आपला ‘मलाशय’ हा शब्दही तपासून घ्यावा. आशय म्हणजे साठवणीची जागा. पण हा भाग एरवी बहुधा रिकामा असतो; त्यात मळ उतरला की वेग येतो. तो वेग वारंवार दाबला तर मळ खडा होतो, कुंथावे लागते आणि मूळव्याधीला निमित्त मिळते. तेव्हा पाळीवरच्या माणसाला संडासाला जायला मुभा असणे ही चैन नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्याने १९ व्या कलमात कामगारांसाठी पुरेशा संडासांची सक्ती केली, ती योग्यच होती.

पण कायदा लाजेला औषध देत नाही. कामगारांत हिंडताना मी पाहिले आहे की, माणूस रजेच्या अर्जात ‘पोटदुखी’ लिहितो आणि डॉक्टरपुढे ‘जागेवर दुखते’ एवढेच पुटपुटतो. बायका तर तेवढेही बोलत नाहीत. ‘परसाकडे’, ‘बहिर्दिशेस’ असे आडपडद्याचे शब्द आपल्याकडे विपुल. दुखणे सांगायला मात्र शब्द सापडत नाही.

लंडनमध्ये फ्रेडरिक सामन नावाच्या शस्त्रवैद्याने १८३५ साली सात खाटांचा एक दवाखाना काढला. भगंदर आणि गुदाशयाच्या इतर रोगांनी पिडलेल्या गरिबांसाठी, असे त्याच्या नावातच उघड म्हटले होते. याच सामनने १८४१ साली कादंबरीकार डिकन्स यांच्या भगंदरावर शस्त्रक्रिया केली. तेव्हा भुलीचे औषध निघालेले नव्हते. म्हणजे रोग थोर लेखकाला सोडत नव्हता आणि हमालालाही नाही. पण गरिबाला खाट मिळाली ती कोणीतरी रोगाचे नाव स्पष्ट घेतले म्हणून.

मळावाटे रक्त पडले की आपण ‘मोड आले असतील’ म्हणून घरगुती औषध करीत बसतो. पुष्कळदा ती मूळव्याधच असते; पण गुदाशयाचा कर्करोगही असेच लक्षण दाखवू शकतो आणि तो लवकर सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते. अनेकदा तो डॉक्टरच्या नुसत्या बोटालाही लागतो. तेव्हा आपल्या घरी कोणाला असा त्रास असेल, तर त्या भागाचे नाव घेऊन विचारा आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन जा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.