‘तोडीत नाहीत’ आणि ‘तोडू नये’ : देवराईच्या रूढीचा विचार

देवराईत कुऱ्हाड का चालत नाही, या प्रश्नास सह्याद्रीच्या खेड्यांतून मिळणारे उत्तर बहुधा एकाच साच्याचे असते : राईत लाकूड तोडीत नाहीत. या वाक्यास कर्ता नाही. कोणी मना केले, हेही ते सांगत नाही. लहान मुलास ‘असे करीत नाहीत’ म्हणून समजावितात ती हीच रचना होय. वर्णन आणि निषेध ही दोन्ही कार्ये येथे एकच क्रियापद करते. लोक प्रत्यक्षात काय करतात आणि लोक काय योग्य मानतात, असे रूढीचे दोन भेद रॉबर्ट सिआल्डिनी व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये मांडले. मराठीच्या या वाक्यात ते विभक्त झालेलेच नाहीत.

याच्याशेजारी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र ठेवून पाहावे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात आरमाराच्या लाकडाचा विचार करताना आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावण्यास मनाई केली आहे आणि तिची कारणेही दिली आहेत : झाड वर्षादोन वर्षांत होत नाही, रयतेने ते लेकरासारखे वाढविलेले असते, ते गेल्यास तिच्या दुःखास पार राहत नाही. झाड जीर्णच असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावे. ‘करू नये’ या भाषेस असा अधिकार लागतो, युक्तिवाद लागतो आणि अपवादाची वाटही ठेवावी लागते. (अपवाद राईतही आहे, पण तो कौल लावून देवाकडून मिळवावयाचा, कारभाऱ्याकडून नव्हे.)

पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. काही रायांत वाळलेले पानही उचलावयाचे नाही, तर काहींत पडलेले सरपण नेण्यास हरकत नाही, असा भेद आढळतो. केवळ देवाचे भय हेच कारण असते तर नियम गावोगाव इतका बदलता ना. भय देवाचे खरे, पण मर्यादा गावाने घातलेली.

म्हणूनच ती मोडते तीही विशिष्ट रीतीने. डोंगराळ भागात रस्ते पोचले, शहरांसाठी कोळशाच्या भट्ट्या लागल्या, आणि राईतील पहिले झाड पडले त्या दिवशी ‘तोडीत नाहीत’ हे वाक्य असत्य ठरले. ‘तोडू नये’ हे हजार झाडे पडल्यावरही व्याकरणदृष्ट्या अबाधित राहते. मात्र ते ऐकावे असे कोणास वाटत नाही.

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या अश्मीभूत अरण्यात सिआल्डिनींनी केलेला प्रयोग येथे आठवतो. ‘पूर्वीच्या अनेक प्रवाशांनी येथील लाकूड नेले’ अशी फलकावर खंत व्यक्त केली, तेथे चोरी वाढली; केवळ नेऊ नका असे सांगितले, तेथे ती पुष्कळच कमी राहिली. देवराया तुटत आहेत, हे विधान संशोधनपत्रिकेत अवश्य यावे. राईच्या तोंडाशी लावावयाच्या फळ्यावर मात्र ते नको.