आहारपूरकांची सूक्ष्मजीवशास्त्रीय चाचणी

आहारपूरकांची सूक्ष्मजीवशास्त्रीय चाचणी म्हणजे जीवनसत्त्वांच्या गोळ्या, प्रथिनांची पूड, वनस्पतींची चूर्णे व अर्क, प्रोबायोटिके इत्यादी उत्पादनांत जिवाणू, यीस्ट व बुरशी किती प्रमाणात आहेत आणि त्यांत रोगकारक जाती आहेत काय, याची प्रयोगशाळेत केली जाणारी तपासणी होय. इंजेक्शनाच्या औषधांप्रमाणे आहारपूरके निर्जंतुक नसतात व तशी अपेक्षाही नसते. त्यामुळे कोणते सूक्ष्मजीव आहेत आणि किती आहेत, हा या चाचणीचा खरा प्रश्न असतो.

सूक्ष्मजीवांचा उगम

सर्वाधिक सूक्ष्मजीव वनस्पतिजन्य कच्च्या मालातून येतात. मुळांना माती चिकटलेली असते, पाने उघड्यावर वाळवली जातात, त्यांवर पक्ष्यांची विष्ठा पडते. वाळवल्याने सूक्ष्मजीवांची वाढ थांबते, परंतु ते सर्व मरत नाहीत. बॅसिलस गटातील जिवाणूंचे बीजाणू कोरडेपणा व उष्णता दोन्ही सोसतात. सॅल्मोनेला कोरड्या पुडीत महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतो. धुतल्यानंतर पूर्ण न वाळवलेली यंत्रे, पाणी व कामगारांचे हात हे कारखान्यातील इतर स्रोत होत.

पद्धत

सामान्यतः १० ग्रॅम नमुना ९० मिलिलिटर द्रावणात मिसळून त्याचे क्रमाने दहापट विरलन करतात. एकूण जिवाणूंसाठी सोयाबीन-केसीन आगर ३०–३५° से. तापमानाला, तर यीस्ट व बुरशीसाठी सॅबूरो डेक्स्ट्रोज आगर २०–२५° से. तापमानाला ५ ते ७ दिवस ठेवतात. वाढलेल्या वसाहती मोजून प्रतिग्रॅम संख्या काढली जाते. एक वसाहत एका पेशीपासून किंवा पेशींच्या पुंजक्यापासून बनलेली असू शकते, म्हणून हा आकडा पेशींची नेमकी संख्या सांगत नाही.

सॅल्मोनेला किंवा ई. कोलाय यांची मात्र मोजणी न करता ठरावीक वजनाच्या नमुन्यात ते आहेत की नाहीत, एवढेच पाहतात. वाळवणीत दुर्बल झालेल्या पेशींना आधी साध्या पोषक माध्यमात सावरू दिले जाते; थेट निवडक माध्यमात टाकल्यास त्या वाढत नाहीत आणि दूषित माल निर्दोष ठरतो. अमेरिकी औषधिकोशानुसार वाळलेल्या वनस्पतींच्या चूर्णात एकूण जिवाणू प्रतिग्रॅम १ लाखापर्यंत चालतात, परंतु सॅल्मोनेला व ई. कोलाय १० ग्रॅममध्ये आढळता कामा नयेत.

पद्धतीची योग्यता

या चाचणीतील सर्वांत महत्त्वाचा आणि नवख्या प्रयोगशाळांकडून बहुधा दुर्लक्षिला जाणारा टप्पा हाच होय. लवंग, दालचिनी, लसूण यांसारखे पदार्थ स्वतःच जंतुरोधक असतात. त्यांचा अंश पेट्री बशीत उतरला, तर नमुन्यातील जिवाणू वाढतच नाहीत आणि बशी कोरी राहते. म्हणून नमुन्यात मुद्दाम थोडे ज्ञात जिवाणू, सामान्यतः १०० पेशींहून अधिक नाहीत, मिसळून ते परत मिळतात का हे आधी सिद्ध करावे लागते. ते मिळाले नाहीत तर विरलन वाढवतात, नमुना गाळतात किंवा लेसिथिन व पॉलिसॉर्बेट यांसारखे उदासीनकारक वापरतात. ही कसोटी न केलेल्या चाचणीचा ‘आढळले नाही’ हा निष्कर्ष विश्वसनीय नसतो.

प्रोबायोटिकांची अडचण वेगळी असते. त्यांच्या प्रत्येक ग्रॅममध्ये अब्जावधी जिवंत जिवाणू हेतुतः घातलेले असतात, त्यामुळे एकूण मोजणी निरर्थक ठरते. उपयुक्त जिवाणूंच्या गर्दीतून अनिष्ट जाती वेगळ्या काढाव्या लागतात. २०१४ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मुदतपूर्व जन्मलेल्या एका बाळाचा आतड्यांतील बुरशीच्या संसर्गाने मृत्यू झाला. त्याला दिलेल्या प्रोबायोटिक पुडीच्या न उघडलेल्या डब्यांत ऱ्हायझोपस ही बुरशी आढळली.

मर्यादा

रोगकारक जिवाणू मालात सारखे पसरलेले नसतात. एखाद्या बॅचचा शेकडा ५ भाग दूषित असेल आणि १० नमुने तपासले, तरी एकही दूषित नमुना हाती न लागण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. त्यामुळे अंतिम मालाची चाचणी ही कच्च्या मालाची निवड, स्वच्छता व आर्द्रतेवरील नियंत्रण यांची जागा घेऊ शकत नाही. २०१८ साली क्रॅटम या झाडाच्या पानांची पूड व कॅप्सूल यांमुळे अमेरिकेच्या ४१ राज्यांत १९९ जणांना सॅल्मोनेलाची बाधा झाली. त्या वेळी अन्न व औषध प्रशासनाने एका उत्पादकाला माल परत घेण्याचा सक्तीचा आदेश दिला; असा अधिकार त्या संस्थेने प्रथमच वापरला.

सूक्ष्मजीव मारण्यासाठी वाफ, गॅमा किरण किंवा इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात. युरोपीय संघात या वायूने अन्नपदार्थ निर्जंतुक करण्यास बंदी असून २०२० साली भारतातून गेलेल्या तिळात त्याचे अवशेष सापडल्यावर मोठ्या प्रमाणावर माल परत घ्यावा लागला. शिवाय बुरशी मेली तरी तिने आधीच तयार केलेले अफ्लाटॉक्सिन मालात राहते; त्याची रासायनिक चाचणी वेगळी करावी लागते.

नियमन

अमेरिकेत २००७ साली आलेल्या उत्पादन नियमांनुसार दूषितकांच्या मर्यादा ठरवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. भारतात आरोग्यपूरके भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात, तर आयुर्वेदिक औषधांना औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० लागू होतो. म्हणून अश्वगंधेचे चूर्ण कोणत्या परवान्याखाली विकले जाते, यावर त्याला कोणता कायदा लागू होणार हे ठरते.