एलियट, डेनम
(३१ मे १९२२ – ६ ऑक्टोबर १९९२). ब्रिटिश चरित्र अभिनेता. जन्म लंडन येथे. ‘राडा’ या नाट्यशिक्षणसंस्थेतील शिक्षण अर्धवट राहिले. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असताना १९४२ मध्ये त्याचे विमान पाडले गेले व तो युद्धकैदी झाला. सायलीशियातील छावणीत त्याने युद्धकैद्यांना घेऊन नाटके केली. त्याची खरी तालीम तिथेच झाली म्हणायची. युद्धानंतर रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणी या तिन्ही क्षेत्रांत तो वावरला. वरून सुसंस्कृत, आतून पोखरलेली माणसे रंगवण्यात त्याचा हातखंडा होता. नायकावरची नजर तो सहज आपल्याकडे वळवी. ‘ट्रेडिंग प्लेसेस’, ‘अ प्रायव्हेट फंक्शन’ व ‘डिफेन्स ऑफ द रेल्म’ यांसाठी सलग तीन वर्षे त्याला बाफ्टाचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’साठी ऑस्कर नामांकन झाले. इंडियाना जोन्स मालिकेतील मार्कस ब्रॉडीमुळे तो जगभर ओळखला गेला. इबीसा बेटावर निधन.