मापट्यातलं गणित

आमच्या फडताळाच्या खालच्या कप्प्यात आजीचं पितळी मापटं आहे. काठ एका बाजूनं चेपलेला, तळाला डाग दिलेला. त्याच्या जोडीची चिपटं, कोळवं, निळवं ही मापं कुठं गेली, कुणास ठाऊक. मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत प्राथमिक शिक्षिका होते. गणित मला कुणी शिकवलं असं विचारलं, तर मी या मापट्याकडे बोट दाखवीन. आणि आजोबांच्या परवच्याकडे.

आजोबा बार्शीला अडतीच्या दुकानात दिवाणजी होते. दिवेलागणीला शुभंकरोती झाली की आम्हा मुलांना समोर बसवायचे. बे ते तीस पाढे ही नुसती सुरुवात. मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी. औट म्हणजे साडेतीन. आज 'औट घटकेचं राज्य' असं आपण सहज म्हणून जातो, पण त्या औटाचा एक अख्खा पाढा होता आणि तो दहा वर्षांच्या पोराला मागूनपुढून येत असे. सत्तावीस औटं किती? साडेचौऱ्याण्णव. आजोबा डोळे मिटून सांगत.

हे पाढे आले पंतोजींच्या शाळेतून. कुणाच्या ओसरीवर नाहीतर देवळात भरणारी शाळा, पुढ्यात धूळपाटी, हातात टोकदार काडी. छापील पुस्तक नाहीच. मोडी वाचायचं, मोडी लिहायचं आणि हिशेब करायचा. इंग्रजी अमल बसल्यावर १८२०च्या दशकात सरकारनं या शाळांची जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती मागवली. ते कागद पुढे रा. वि. परुळेकरांनी संपादून छापले. त्याच दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्र्यांना हाताशी धरून मराठीत गणिताची पुस्तकं तयार केली. गणित पाटीवरून छापील पानावर आलं ते असं. पण पानावर येऊनही पाढे सुटले नाहीत. माझ्या लहानपणीच्या दोन-चार आण्यांच्या अंकलिपीतसुद्धा शेवटची पानं पावकी-निमकीचीच असायची.

या पाढ्यांना घोकंपट्टी म्हणून पुष्कळ नावं ठेवली गेली. घोकंपट्टी होती, आणि छडीही होती. तिचं कौतुक मी कधीच करणार नाही. पण हे पाढे कुणी उगीच रचलेले नव्हते. जुनी मापं पाहा. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळं दुपटीनं चढतं आणि निमपटीनं उतरतं. शेराची सोळा निळवी, रुपयाचे सोळा आणे. म्हणजे धान्य आणि पैसा एकाच चालीनं चालत होते. चिपटं म्हणजे पाव शेर, मापटं म्हणजे अर्धा. तीन चिपटी घातली की पाऊण, पाच घातली की सव्वा. पावकी म्हणजे चिपट्यांनी मोजणं, निमकी म्हणजे मापट्यांनी मोजणं. जे रोज हातातून जात होतं, तेच जिभेवर होतं.

आजोबांचे ठोकताळेही त्यातलेच. जितक्या आण्यांना डझन, तितक्या पैना एक, कारण आण्याच्या पै बारा. वजनाच्या शेराला छटाका सोळा, म्हणून जितक्या रुपयांना शेर तितक्या आण्यांना छटाक. ना गुणाकार, ना भागाकार. गिऱ्हाईक दाराशी उभं असताना कागद शोधायला वेळ कुणाला होता?

आता आजीकडे येते. आजी शाळेत गेली नाही. पंतोजींच्या ओसरीवर मुलींना जागा नव्हती आणि ज्यांच्या कष्टावर गावची खळी भरत, त्या जातींच्या मुलांनाही नव्हती. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तरी आमच्या गावापर्यंत ते वारं यायला पुढची शंभर वर्षं लागली. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणात काय असावं ते सांगितलं. त्यात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन होतं, हिशेब होता, शेतीची प्राथमिक माहिती होती. हिशेब आणि शेती एका दमात मागणारा तो माणूस मला माझ्या शाळेतल्या कुठल्याही साहेबापेक्षा जवळचा वाटतो. कुळाच्या पोराला सावकाराची वही वाचता आली पाहिजे, हे त्यांना कळत होतं.

तर आजी. ती जोंधळा मापायला बसली की पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. लाभ, दोन, तीन... आणि माप शिगोशीग. द्यायचं असेल तर शीग तशीच ठेवायची, हिशेबाचं असेल तर तळहातानं सपाट करायची. पाढा एकही पाठ नाही, पण अडीच पायल्यांची मापटी किती, हे ती शेवटचं माप ओतायच्या आत सांगायची. वीस.

१ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. १ ऑक्टोबर १९५८पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं येऊ लागले. देशाला एकच माप हवं होतं आणि ते झालं हे योग्यच झालं. गावागावाला पायली वेगळी असण्यात नाडला जायचा तो शेतकरीच. पण शंभराला निमपट मानवत नाही. अर्धे पन्नास, पाव पंचवीस, आणि तिसऱ्या पायरीलाच साडेबारा. दोन आण्यांचे साडेबारा नवे पैसे! आजोबा त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण दुकानातला त्यांचा दरारा त्या साली गेला, असं वडील सांगत. मापं गेली, तशी पावकी-निमकी पोरकी झाली. पुढे शाळेतूनही ती उठली आणि तिच्या जागी अंश आणि छेद आले. मधली एक रेघ, वर एक आकडा, खाली एक आकडा. हातात काहीच नाही.

त्याचं काय झालं, ते मी चौथीच्या वर्गात पाहिलं. अर्धा अधिक अर्धा. वर्गातल्या निम्म्याहून जास्त पाट्यांवर एकच उत्तर: दोन चतुर्थांश. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. त्या मुलांचा मला राग आला नाही. त्यांनी रेघेचे नियम स्वतःच शोधून काढले होते, कारण रेघेमागची वस्तू आम्ही त्यांना दाखवलीच नव्हती.

आकड्यांच्या नावांचंही तेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. लोकांनी त्यांना नको ते ऐकवलं. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, कारण 'पंचवीस' म्हणताच पाच आधी ऐकून ५२ लिहिणारी आणि 'एकोणतीस'ला ३९ लिहिणारी मुलं माझ्या वर्गात दरसाल होती. 'एकोणतीस' हा शब्द मला फार आवडतो, तिसाला एक उणा. पण तो पोटातून उलगडून दाखवल्याशिवाय सात वर्षांच्या मुलानं तो का मान्य करावा?

चौथीतल्या त्या 'दोन चतुर्थांश'च्या पाट्या पाहिल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मापटं पिशवीत घालून शाळेत नेलं. एका पालकाकडून जुना शेर मागून आणला, पोषण आहाराच्या खोलीतून रिकामं पोतं आणलं, घरून जोंधळा. वर्ग व्हरांड्यात बसवला. मधल्या ओळीतली एक मुलगी पुढे आली, एरवी फळ्यापाशी तोंड न उघडणारी. तिला म्हटलं, "दीड शेर भर, पण मापट्यानं."

तिनं मापटं पोत्यात खुपसलं, शीग तळहातानं पुसली आणि शेरात रिकामं केलं. पुन्हा भरलं, ओतलं. शेर काठापर्यंत आला. तिनं तो परातीत उपडा केला, तिसरं मापटं ओतलं आणि अर्ध्यावर आलेल्या जोंधळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, झालं. तीन."

आकडे ती मोठ्यानं मोजत होती. मी शिकवलं नव्हतं, पुस्तकात नव्हतं. घरच्या खळ्यावरून आणलं असणार. पहिलं मापटं ओतताना ती 'लाभ' म्हणाली.