एकट्याची चाल, अनेकांची वाट : इंग्लंडमधल्या पायवाटांचा इतिहास

१. २३ मार्च २०२० च्या रात्री ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला घरात थांबण्याची आज्ञा दिली. बाहेर पडण्यास मोजकीच कारणे उरली: अत्यावश्यक खरेदी, औषधोपचार, टाळता न येणारे काम आणि दिवसातून एकदा व्यायाम, तोही एकट्याने किंवा घरातल्याच माणसांसोबत. साधा फेरफटका ही पंतप्रधानांच्या भाषणात सांगण्याजोगी सवलत झाली.

२. त्या वर्षीचा वसंत मात्र विलक्षण होता. १९२९ पासूनच्या हवामान नोंदींत तोवर एवढे ऊन कोणत्याही वसंताने पाहिले नव्हते. विमाने थांबली होती, रस्ते ओस होते, शेतांच्या कडेची काटेरी कुंपणे पांढऱ्या बहराने भरली होती. गावाबाहेरच्या पायवाटांवर एकेकटी माणसे चालताना दिसू लागली. हा थ्रेड त्या पायवाटांविषयी आहे: त्या कोणाच्या, कोणी राखल्या आणि त्यांच्यावरून चालण्याची किंमत कोणी मोजली.

३. इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्याने नोंदलेल्या सार्वजनिक वाटांची एकूण लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर आहे. यांतल्या बहुतेक वाटा खासगी जमिनीतून जातात. शेत एकाचे, पण त्यातून जाण्याचा हक्क सर्वांचा, अशी ही रचना. लाकडी खांबावरचा पिवळा बाण आणि कुंपण ओलांडण्यासाठी ठेवलेल्या दोन पायऱ्या या हक्काच्या साध्या खुणा.

४. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये, कारण आपल्याकडे तिला नेमका शब्द आहे: वहिवाट. इंग्लंडमध्ये १९३२ च्या कायद्याने ठरले की लोकांनी एखादी वाट वीस वर्षे अखंड, उघडपणे आणि हक्काने वापरली, तर ती सार्वजनिक मानली जावी. भारतातल्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातही शेजाऱ्याच्या जमिनीतून जाण्याच्या खासगी हक्कासाठी वीस वर्षांचीच अट आहे. दोन्हींमागचे तत्त्व एकच: वाट कागदाआधी पावलांनी सिद्ध होते.

५. या वाटांपैकी बहुतेक कोणी मुद्दाम बांधल्याच नाहीत. गावातून चर्चकडे, पिठाच्या चक्कीकडे, बाजाराकडे, शेजारच्या गावाकडे माणसे चालत गेली आणि गवत झिजत गेले. मध्ययुगीन इंग्लंडच्या मोठ्या भागात शेती उघड्या शिवारात, लांबट पट्ट्यांत होई. भोवती सामाईक माळ असे. तिथे गुरे चारणे, सरपण गोळा करणे हे गरिबांचे जुने हक्क होते.

६. मग कुंपणे आली. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेत सामाईक जमिनी बंदिस्त करणारी ५,२०० हून अधिक विधेयके मांडली गेली. त्यांनी सुमारे ६८ लाख एकर जमीन व्यापली, म्हणजे इंग्लंडच्या भूभागाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. उत्पादन वाढेल, हे समर्थकांचे म्हणणे होते. पण ज्याच्याकडे जमिनीचा कागद नव्हता, त्याचा माळ गेला आणि माळावरची वाटही गेली.

७. वाटा मिटवण्याचे कामही कायदेशीर होते. १८०१ च्या कायद्याने जमिनींची फेरवाटणी करणाऱ्या आयुक्तांना रस्ते आणि वाटा वळवण्याचे, बंद करण्याचे अधिकार दिले. १८१५ च्या कायद्याने तर दोन दंडाधिकाऱ्यांना ‘अनावश्यक’ वाटेल ती वाट बंद करता येऊ लागली. दंडाधिकारी बहुधा स्वतःच जमीनदार असत. अनावश्यक कोणाला, हा प्रश्न विचारायला वाटसरूला जागाच नव्हती.

८. या बदलाचा सर्वांत हळवा साक्षीदार नॉर्थम्प्टनशायरमधल्या हेल्पस्टन गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर. त्याचा जन्म १७९३ चा. गावाच्या बंदिस्तीचा कायदा १८०९ मध्ये झाला, तेव्हा तो सोळाच्या आसपास होता. अंतिम वाटणी १८२० मध्ये जाहीर झाली. बालपणीचा मोकळा माळ डोळ्यांदेखत चौकोनी तुकड्यांत वाटला गेला. पोटासाठी त्याला कुंपणे घालण्याच्या कामावर मजुरीही करावी लागली. हरवलेला माळ आणि अडवलेल्या वाटा हा त्याच्या कवितेचा कायमचा विषय झाला.

९. येथे इतिहासाची एक विसंगती लक्षात घ्यावी. वसंतातल्या इंग्लंडचे म्हणून जे चित्र मनात असते, त्यात पांढऱ्या फुलांनी लगडलेली हॉथॉर्नची कुंपणे असतातच. काही कुंपणे मध्ययुगापासूनची आहेत. पण सरळ रेषेत धावणारी, एकाच जातीच्या झुडपांची बहुतेक कुंपणे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या बंदिस्तीत लावलेली. हॉथॉर्न निवडला गेला, कारण तो लवकर वाढतो, स्वस्त पडतो आणि त्याचे काटे गुरांना अडवतात. २०२० मध्ये फिरणाऱ्याला दिलासा देणारा तो बहर कधी काळी लोकांना हद्द दाखवण्यासाठी लावला गेला होता.

१०. क्लेअरच्या आयुष्यात एक एकाकी प्रवासही आहे. २० जुलै १८४१ रोजी तो एसेक्समधल्या हाय बीच येथील मनोरुग्णालयातून निघाला आणि चार दिवसांत सुमारे १३० किलोमीटर चालत घरी पोहोचला. खिशात पैसे नव्हते. भुकेपोटी त्याने रस्त्याकडेचे गवत खाल्ले. तो मेरी जॉइस या बालमैत्रिणीला भेटायला निघाला होता. ती तीन वर्षांपूर्वीच वारली होती आणि त्याचा त्यावर विश्वास बसत नव्हता. एकट्याने चालणे नेहमीच निवांतपणाचे नसते, हे त्याच्या चालीने दाखवून दिले.

११. याउलट शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून आपल्याकडे पोहोचलेला ‘एकटा भटकणारा’ म्हणजे विल्यम वर्ड्‌स्वर्थ. त्याची डॅफोडिलवरची कविता १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. पण ज्या फेरीतून ती सुचली, त्या १५ एप्रिल १८०२ च्या दिवशी तो एकटा नव्हता. बहीण डोरोथी सोबत होती आणि तिने त्या फुलांचे बारकाईचे वर्णन आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. कवितेतल्या दोन ओळी पत्नी मेरीच्या आहेत. इंग्रजी साहित्यातला सर्वांत प्रसिद्ध एकांत असा तिघांच्या सहवासातून घडला.

१२. हौसेने चालणे ही तेव्हा नवी गोष्ट होती. १७८२ मध्ये कार्ल फिलिप मोरित्झ हा जर्मन लेखक इंग्लंडमध्ये पायी फिरला, तेव्हा खानावळींत त्याला अनेकदा हिणवले गेले. पायी येणारा म्हणजे कंगाल, हा समज पक्का होता. १८२४ च्या भटकेपणाविरोधी कायद्याने तर निराधार भटक्याला गुन्हेगार ठरवले. चालण्याची क्रिया एकच. सुखवस्तू माणसासाठी ती छंद ठरू लागली आणि गरिबासाठी अपराध.

१३. प्रतिकारही याच काळात संघटित झाला. १८२४ मध्ये यॉर्कमध्ये आणि १८२६ मध्ये मँचेस्टरमध्ये जुन्या पायवाटांच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाल्या. मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर. धुराने काळवंडलेल्या वस्तीतून रविवारी मोकळ्या हवेत जाण्याचा एकमेव फुकट मार्ग म्हणजे पायवाट. ती बंद करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध लोक न्यायालयात जाऊ लागले.

१४. पायवाटांपेक्षाही मोठा प्रश्न डोंगरमाळांचा होता. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्टचे पठार आहे. एकोणिसाव्या शतकात त्याचा मोठा भाग ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखीव झाला. वर्षातले काही दिवस सरदार-उमराव तिथे बंदुका घेऊन येत. उरलेले वर्षभर राखणदार काठ्या घेऊन लोकांना हाकलत.

१५. २४ एप्रिल १९३२, रविवार. हेफील्ड गावाजवळच्या दगडखाणीत शेकडो तरुण कामगार जमले. वीस वर्षांचा बेनी रॉथमन खडकावर उभा राहून बोलला आणि सारे किंडर स्काउटच्या पठाराकडे निघाले. वाटेत राखणदारांशी झटापट झाली, एक राखणदार जखमी झाला. परतताना सहा जणांना अटक झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. रॉथमनला चार महिने.

१६. त्यांच्या कृतीवर जुन्या गिर्यारोहण संस्थाही नाराज होत्या. अशा दंगलीने वाटाघाटी बिघडतील, असे त्यांना वाटे. पण डोंगरावर चालल्याबद्दल तरुण तुरुंगात गेले, या बातमीने जनमत बदलले. सत्तर वर्षांनी, २००२ मध्ये, त्या जमिनीच्या तत्कालीन मालकाचे नातू असलेल्या डेव्हनशायरच्या अकराव्या ड्यूकनी जाहीर माफी मागितली. ती ऐकायला रॉथमन नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत त्याचे निधन झाले होते.

१७. दरम्यान कायदा सरकला होता. १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांची सोय झाली आणि प्रत्येक सार्वजनिक वाट अधिकृत नकाशावर नोंदवणे बंधनकारक झाले. १९५१ मध्ये देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले: पीक डिस्ट्रिक्ट. १९६५ मध्ये पेनाइन वे ही पहिली दीर्घ पदभ्रमण वाट खुली झाली. तारीख होती २४ एप्रिल. २००० च्या कायद्याने इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के भूमीवर, म्हणजे डोंगर, माळ आणि सामाईक जमिनींवर, वाट सोडूनही फिरण्याचा हक्क मिळाला.

१८. आता पुन्हा २०२० कडे येऊ. टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, त्याच पीक डिस्ट्रिक्टमधल्या कर्बर एज या कड्यावर डर्बीशायर पोलिसांनी ड्रोन उडवला. कुत्र्याला फिरवणारे, सूर्यास्ताचे छायाचित्र घेणारे लोक टिपून ती चित्रफीत २६ मार्चला प्रसारित केली. मोटारीने येऊन फिरणे अत्यावश्यक नाही, हा संदेश. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश जोनाथन सम्प्शन यांनी यावर कठोर टीका केली. कायद्याच्या मजकुरात अंतराची अटच नव्हती. सल्ला कुठे संपतो आणि कायदा कुठे सुरू होतो, हा जुना प्रश्न नव्या उपकरणासह परत आला.

१९. त्या कड्यापासून काही किलोमीटरवर ईम नावाचे गाव आहे. १६६५ च्या सप्टेंबरात तेथे प्लेग शिरला. लंडनहून आलेल्या कापडातून तो आला, असे सांगतात. १६६६ च्या जूनमध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांचे पूर्वसूरी थॉमस स्टॅनली यांनी गावकऱ्यांना हद्द न ओलांडण्यास राजी केले. प्रार्थना उघड्या खोऱ्यात होऊ लागल्या. सीमेवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवत आणि शेजारचे लोक अन्न ठेवून जात, अशी परंपरा आहे.

२०. सुमारे २६० माणसे गेली. एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने ऑगस्टमध्ये आठ दिवसांत पती आणि सहा मुलांना स्वतः पुरले. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही गेली. ही कथा पुढे त्यागाची आदर्शगाथा बनली. तिच्यात एक बोचरा तपशील आहे: काही सधन कुटुंबे आधीच गाव सोडून गेली होती आणि मॉम्पेसन यांची मुलेही बाहेर पाठवली गेली होती. संकटात घरी थांबण्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

२१. २०२० मध्येही तो सारखा पडला नाही. त्या वर्षीच्या सरकारी आकडेवारीनुसार ब्रिटनमधल्या दर आठ घरांपैकी एकाला बाग नव्हती. गावाबाहेर राहणाऱ्याला दाराशीच पायवाट होती. शहरातल्या सदनिकेत राहणाऱ्याला गर्दीचे उद्यान. काही शेतकऱ्यांनी संसर्गाच्या भीतीने वाटा बंद करण्याचा प्रयत्न केला. त्यांची भीती खोटी नव्हती, कारण वाट घराच्या अंगणातूनही जाते. तरी सरकारने स्पष्ट केले की सार्वजनिक वाट बंद करण्याचा त्यांना अधिकार नाही. फाटके उघडी बांधून ठेवावीत किंवा पर्यायी वाट सुचवावी. १३ मे रोजी फिरण्यावरची दिवसातून एकदाची मर्यादाही उठली.

२२. त्याच वर्षी आणखी एक काम घडले. २००० च्या कायद्यात एक अट होती: जुन्या, नकाशावर न आलेल्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नोंदवल्या नाहीत, तर त्यांवरचा हक्क संपेल. रॅम्बलर्स या पदभ्रमण संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये लोकांना आवाहन केले. हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून, संगणकाच्या पडद्यावर जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवून शोध घेतला. इंग्लंड आणि वेल्समध्ये ७८,००० किलोमीटरहून अधिक लांबीच्या हरवलेल्या वाटा निघाल्या.

२३. ती मुदत पुढे २०३१ पर्यंत वाढली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ती रद्द करण्याची घोषणा केली. पण प्रत्येक वाटेसाठी पुरावा गोळा करायचा, अर्ज करायचा, हरकतींना उत्तरे द्यायची हे काम उरतेच. बंदिस्तीच्या काळात एका सहीने गेलेली वाट परत मिळवायला कित्येक वर्षे लागतात.

२४. टाळेबंदीतल्या त्या वसंतात पायवाटेवर चालणारा माणूस एकटा दिसत होता. तरी त्याच्या प्रत्येक पावलाखाली कोणाची तरी चाल होती: चक्कीकडे धान्य नेणाऱ्यांची, माळ हरवलेल्या क्लेअरची, रविवारी गिरणीतून सुटलेल्या कामगारांची, तुरुंगात गेलेल्या वीस वर्षांच्या तरुणाची. वहिवाटीचा नियम साधा आहे. वाट वापरात असेपर्यंतच ती वाट असते. चालणे थांबले की तिथे गवत उगवते आणि पुढच्या पिढीला तिथे फक्त कुंपण दिसते.