एकच खासदार, दोन पावसाळे: वरकुट्यापासून वेल्ह्यापर्यंत

निवडणूक आली की आपल्या मोबाईलवर बारामती लोकसभेचा रंगीत नकाशा फिरायला लागतो. कुठे कुणाला लीड, कोण कुठे मागे. मला त्या रंगांच्या खाली काय आहे ते बघायला जास्त मजा येते. नद्या, घाट, कालवे आणि माणसं कुठे दाटलीत ते. आजचा भाग त्यावर.

इंदापूर तालुक्यात वरकुटे नावाची दोन गावं आहेत, खुर्द आणि बुद्रुक. तिथल्या मतदाराला मशीनवर जी नावं दिसतात, तीच नावं वेल्ह्याच्या डोंगरातल्या माणसाला, हिंजवडीच्या टॉवरमधल्या इंजिनिअरला आणि धायरीतल्या रिक्षावाल्याला दिसतात. इंदापूर, बारामती, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला हे विधानसभेचे सहा मतदारसंघ मिळून ही एक लोकसभा. त्यात एकटा भोर म्हणजे तीन तालुके: भोर, मुळशी आणि वेल्हे, ज्याचं नाव आता राजगड आहे.

पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. तिथून सरळ पूर्वेला आलात की बारामती-इंदापुरात तो पाचशेच्या आसपास येतो, तोही आला तर. इंदापूर तालुका म्हणजे उत्तरेला भीमा आणि दक्षिणेला नीरा यांच्यामधली पाचर. दोघी नीरा नरसिंहपूरला भेटतात. म्हणजे राजगडाच्या पायथ्याचं पाणी आणि पुण्याच्या मुठेचं पाणी, दोन्ही फिरून शेवटी याच तालुक्याच्या टोकाला येतं. मुळशी धरणाचं पाणी तेवढं वेगळ्या वाटेने जातं. ते डोंगराखाली कोकणात भिऱ्याला वीज करायला उतरतं. त्या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ ला सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह उभा केला. धरण झालंच.

आता इतिहासात थोडं मागे जाऊ, कारण इंदापूरचं नाव सरकारी कागदात मतदारसंघाच्या कितीतरी आधी गाजलंय. १८३५ च्या सुमाराला इंग्रजांनी सारा ठरवण्याची नवी पद्धत पहिल्यांदा राबवली ती इथेच. आधीच्या पाहणीत सारा इतका चढा लागला होता की लोक जमिनी टाकून चालले होते. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी काळी, तांबडी, बरड अशी माती बघून, तिची खोली मोजून प्रत्येक शेताला आण्यांत किंमत लावली. सोळा आणे म्हणजे उत्तम जमीन. सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत पसरली.

तीस वर्षं संपली. १८६७ ला फेरआकारणी झाली आणि इंदापूरचा सारा एकदम वाढला. पुढच्या काही वर्षांत कापसाचे भाव पडले, सावकाराची वही फुगत गेली. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी कर्जाचे कागद ओढून काढून जाळले. इतिहासाच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' म्हणून जे येतं ना, ते सुरू झालं ते हे सुपे, आजच्या बारामती तालुक्यातलं. लगेच पुढे १८७६-७७ चा दुष्काळ.

या दुष्काळाच्या उत्तरातून पाट आला. नीरा डावा कालवा १८८५ ला सुरू झाला. त्याला पाणी पुरवायला भाटघरला धरण बांधलं, आणि ते गाव भोर संस्थानात, म्हणजे पंत सचिवांच्या राज्यात. डोंगरातल्या संस्थानाची जमीन बुडाली आणि इंग्रजी मुलखातल्या पुरंदर, बारामती, इंदापूरचं शेत भिजलं. १९२८ ला तिथेच मोठं लॉइड धरण पुरं झालं. ऊस आला, वालचंदनगर उभं राहिलं, मग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे साखर कारखाने. १९८० च्या सुमाराला उजनी भरलं आणि यावेळी बुडायची पाळी इंदापूरची. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून वर येतं. लोक तिथे रील करायला जातात, करा, पण त्याच्या आजूबाजूला एक अख्खं गाव होतं हे लक्षात असू द्या.

माणसं पाण्यामागे गेली हे आकड्यांत स्वच्छ दिसतं. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्यात जेमतेम ५४ हजार लोक. जिथे ढग फुटतो तिथे ५४ हजार, आणि दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या इंदापुरात ३ लाख ८३ हजार, बारामतीत जवळपास ४ लाख ३० हजार!

आणि आता माणसं पाण्याऐवजी पुण्यामागे चाललीत. २०२४ च्या यादीत एकूण साधारण २३ लाख ७२ हजार मतदार होते. त्यातले सुमारे ५ लाख ३८ हजार एकट्या खडकवासल्यात, इंदापुरात ३ लाख २३ हजार, दौंडमध्ये ३ लाख ४ हजार. भोरचा आकडा ४ लाखांच्या वर जातो, तो किल्ल्यांमुळे नाही हो, हिंजवडी-बावधनमुळे. पुरंदरच्या फुगलेल्या यादीतही फुरसुंगीसारखी शहराला चिकटलेली गावं आहेत. म्हणून 'ग्रामीण बारामती' असं कुणी टीव्हीवर म्हटलं की मला हसू येतं.

आजची हद्द २००८ ची, तीही २००१ च्या जनगणनेवर आखलेली. खडकवासला हा विधानसभा मतदारसंघच तेव्हा जन्मला. पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या तारखेला धरून ठरली आहे, आणि त्यात १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जाती मोजायचं जाहीर झालंय. ज्या पट्ट्यात धनगर समाजाच्या मतांचे नुसते अंदाज बांधून उमेदवार दिले जातात, तिथे ही छोटी गोष्ट नाही.

पण माझं लक्ष हद्दीकडे आहे. रेषा माणसं मोजून आखतात, धरणं आणि चाऱ्या मोजून नाही. शहर आणखी वाढलं तर उद्या धायरी एकीकडे आणि वरकुटे दुसरीकडे जाऊ शकतं. मुठेच्या पाण्यावर पुण्याचा नळ आणि दौंड-इंदापूरचा कालवा दोन्ही अवलंबून आहेत. आज आवर्तन लांबलं की टेलचा शेतकरी आणि नळाला पाणी नाही म्हणणारा शहरातला माणूस, दोघंही एकाच खासदाराला फोन करतात. खासदार वेगळे झाले तर ते भांडण दिल्लीत दोन आवाजांत जाईल. त्यातला कुणाचा आवाज जास्त मतांचा असेल, ते वरच्या यादीत बघून घ्या.

तुमच्या गावाला कुठल्या चारीचं पाणी येतं आणि वर्षात किती पाळ्या मिळतात, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढचा भाग त्यावरच करू. भेटूया.