मुंडे, गोपीनाथ पांडुरंग
(१२ डिसेंबर १९४९ – ३ जून २०१४). महाराष्ट्रातील भारतीय जनता पक्षाचे अग्रगण्य नेते, विधानसभेतील विरोधी पक्षनेते व राज्याचे उपमुख्यमंत्री. जन्म नाथ्रा (ता. परळी, जि. बीड) येथे शेतकरी वंजारी कुटुंबात. महाविद्यालयीन शिक्षण अंबाजोगाईस व कायद्याचे पुण्यास झाले. अंबाजोगाईस प्रमोद महाजन यांच्याशी मैत्री जडली. पुढे महाजन यांची भगिनी प्रज्ञा यांच्याशी त्यांचा विवाह झाला (१९७८). वसंतराव भागवत यांच्या मार्गदर्शनाखाली ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व अखिल भारतीय विद्यार्थी परिषद यांच्या कार्यात आले. आणीबाणीत त्यांना नाशिकच्या कारागृहात स्थानबद्ध करण्यात आले होते.

बीड हा पर्जन्यछायेतील, कोरडवाहू शेतीचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास येथील लक्षावधी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडणीस जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा त्यांचा हिशेब. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील वंजारी समाज या श्रमिकांत मोठ्या संख्येने आहे. वर्षाचे सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या या वर्गाला राजकीय आवाज नव्हता असे नाही. बबनराव ढाकणे यांच्यासारख्यांनी त्यांचे प्रश्न आधीच मांडले होते. मुंडे यांनी मात्र त्यांना आपल्या राजकारणाचा पाया केले. तोडणी व वाहतुकीच्या दरवाढीसाठी संप होत, तेव्हा साखर संघाशी होणाऱ्या वाटाघाटींत कामगारांची बाजू ते मांडीत.

बीड जिल्हा परिषदेवर निवडून येऊन त्यांनी सार्वजनिक जीवनास प्रारंभ केला. १९८० मध्ये रेणापूर मतदारसंघातून ते विधानसभेवर गेले. नुकत्याच स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाला त्या वेळी राज्यात अवघ्या चौदा जागा मिळाल्या होत्या. १९८५ मध्ये काँग्रेसचे पंडितराव दौंड यांनी त्यांचा पराभव केला. लगेच पुढील वर्षी पक्षाचे प्रदेशाध्यक्षपद त्यांच्याकडे आले. शेटजी-भटजींचा म्हणून हिणवला जाणारा पक्ष माळी, धनगर, वंजारी इ. इतर मागासवर्गीय समाजांपर्यंत नेण्याचे जे धोरण भागवत यांनी आखले, त्याचे प्रत्यक्ष रूप म्हणजे मुंडे होत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरास मित्रपक्ष शिवसेनेचा कडवा विरोध असताना त्यांनी नामांतराचा पुरस्कार केला, ही गोष्टही लक्षणीय आहे.

१९९० मध्ये रेणापूरमधून ते पुन्हा विजयी झाले व २००९ पर्यंत तेथून सलग निवडून येत राहिले. छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडल्यावर सेनेचे संख्याबळ घटले आणि डिसेंबर १९९१ मध्ये विरोधी पक्षनेतेपद मुंडे यांच्याकडे आले. हा त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत तेजस्वी कालखंड होय. राजकारणाचे गुन्हेगारीकरण हा विषय धरून त्यांनी शरद पवार यांच्या शासनावर सभागृहात सातत्याने हल्ला चढविला व १९९४ मध्ये संघर्षयात्रा काढून तोच विषय गावोगाव नेला. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेनेस ७३ व भाजपास ६५ जागा मिळाल्या. मनोहर जोशी मुख्यमंत्री व मुंडे उपमुख्यमंत्री झाले. गृहखातेही त्यांच्याकडे होते.

सत्तेवरील मुंडे विरोधातील मुंड्यांइतके प्रभावी ठरले नाहीत. त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प ऑगस्ट १९९५ मध्ये रद्द झाला. पण वर्ष उलटण्याच्या आत फेरवाटाघाटींनंतर त्याला शासनाने मान्यता दिली. मुंबईतील टोळ्यांविरुद्ध पोलिसांना मोकळीक मिळाली, चकमकींची संख्या वाढली आणि संघटित गुन्हेगारीविरोधी ‘मोक्का’ कायदा आला (१९९९). घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबारात (११ जुलै १९९७) दहा जण मृत्युमुखी पडले. त्याची झळ गृहमंत्र्यांना लागणे अपरिहार्य होते.

परळीजवळ पांगरी येथे त्यांनी वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना उभारला. स्थानिकांना रोजगार व उसाला बाजार मिळाला. तथापि तोडणी कामगारांचा नेता आणि कारखानदार या दोन भूमिकांचा मेळ घालणे सोपे नव्हते.

महाजन यांच्या मृत्यूनंतर (२००६) पक्षातील त्यांचे स्थान डळमळले. २००८ मध्ये मुंबईच्या अध्यक्षपदावरील नेमणुकीवरून त्यांनी पदांचे राजीनामे देऊ केले होते. मतदारसंघांच्या फेररचनेत रेणापूर मतदारसंघ नाहीसा झाला. २००९ मध्ये ते बीडमधून लोकसभेवर गेले, तर नव्या परळी मतदारसंघातून त्यांच्या कन्या पंकजा विधानसभेवर निवडून आल्या. पुतणे धनंजय यांच्याशी त्यानंतर वितुष्ट आले. लोकसभेत त्यांनी इतर मागासवर्गीयांच्या जातनिहाय जनगणनेची मागणी लावून धरली (२०१०).

२६ मे २०१४ रोजी त्यांनी केंद्रीय ग्रामीण विकासमंत्री म्हणून शपथ घेतली. आठच दिवसांनी, बीडकडे येण्यासाठी विमानतळावर जात असता, दिल्लीत मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. परळी येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. पुढे राज्य शासनाने स्थापन केलेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळास त्यांचे नाव देण्यात आले.